आधी आपले घर, मग आपला पंथ : जॉन वूलमन यांचे जीवन

धर्मसुधारक म्हटले की प्रखर वाणीचा, सभा गाजवणारा, रूढींवर घाव घालणारा पुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. अठराव्या शतकात अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात होऊन गेलेल्या जॉन वूलमन यांच्यापाशी यांतले काहीही नव्हते. ते पेशाने शिंपी होते. सत्तापद त्यांनी कधी भूषवले नाही, संपत्तीही साठवली नाही आणि आवाज चढवून बोलल्याचीही त्यांची ख्याती नाही. तरीही ज्या क्वेकर पंथात ते जन्मले, त्या पंथाने गुलाम बाळगण्याचा त्याग केला त्यात त्यांच्याइतका वाटा क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल. त्या काळी इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांना हा प्रश्न नीटसा पडलाही नव्हता. ही किमया कशी घडली हे समजून घ्यायचे तर त्यांच्या श्रद्धेकडे आणि त्या श्रद्धेने त्यांच्या रोजच्या व्यवहाराचे काय केले तिकडे पाहावे लागते.

प्रथम या पंथाविषयी थोडेसे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांनी तो स्थापन केला. आपापसांत हे लोक एकमेकांना मित्र म्हणवीत, आणि त्यांच्या संघाचे नावही मित्रसमाज असेच आहे. वूलमन यांच्या काळच्या क्वेकरांत पुरोहित नव्हता, वेदी नव्हती, ठरलेली प्रार्थना नव्हती. एका साध्या दालनात सर्वांनी निःशब्द बसायचे. ज्याच्या अंतःकरणात प्रेरणा होईल त्याने उठून दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा मौनात जायचे. प्रत्येक मनुष्याच्या ठायी ईश्वरी प्रकाशाचा अंश वसतो, ही त्यांची मूळ धारणा. शपथ घ्यायची नाही, शस्त्र उचलायचे नाही, पोशाखात व बोलण्यात साधेपणा राखायचा, हे त्यांचे नियम. इंग्लंडमध्ये त्यांचा छळ झाला. पुढे १६८१ साली विल्यम पेन या क्वेकर गृहस्थांना पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि तेथे व शेजारच्या जर्सीत त्यांची भरभराट झाली. फिलाडेल्फियाचे क्वेकर व्यापारी गबर झाले. साधेपणाचे कपडे अंगावर राहिले, पण ते उंची कापडाचे झाले. आणि घरात, शेतावर, दुकानात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे राबू लागली. ज्या पंथाने प्रत्येक जिवाच्या ठायी प्रकाश पाहिला, त्या पंथाचे वडीलधारे माणसांची खरेदी-विक्री करीत होते. १६८८ साली जर्मनटाउन येथील चार सभासदांनी याविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. तो वरच्या सभेकडे गेला आणि तेथेच पडून राहिला.

अशा समाजात १९ ऑक्टोबर १७२० रोजी रॅन्कोकस ओढ्याच्या काठी एका शेतकरी कुटुंबात जॉन वूलमन यांचा जन्म झाला. तेरा भावंडांचे मोठे कुटुंब होते. घरी रविवारी धर्मग्रंथाचे वाचन होत असे. बालपणीचा एक प्रसंग त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला आहे. शेजारी जात असताना वाटेत घरट्याजवळ एक रॉबिन पक्षीण दिसली. मुलाने खेळाच्या भरात दगड मारले आणि ती मरून पडली. क्षणभर पराक्रम वाटला. लगेच काळीज हादरले. घरट्यात पिल्ले होती, आणि आता त्यांना चारा घालणारे कोणी नव्हते. उपाशी तडफडून मरण्यापेक्षा बरे म्हणून त्याने झाडावर चढून ती पिल्लेही मारली आणि मग कित्येक तास त्याला दुसरे काही सुचेना. एका चुकीतून दुसरी क्रूरता कशी अटळ होऊन बसते, हे त्या कोवळ्या वयात त्याला कळले. ज्याने सृष्टी निर्माण केली त्याच्यावर प्रेम करायचे आणि त्याच्या लहानात लहान प्राण्याशी क्रूरपणे वागायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, अशी त्यांची पुढे पक्की धारणा झाली. ख्रिस्ती श्रद्धेतून ते येथवर पोहोचले. जैन विचाराची त्यांना गंधवार्ताही असण्याचे कारण नव्हते. म्हणूनच आपल्या वाचकांना ही गोष्ट विशेष वाटेल.

वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास ते माउंट हॉली या गावी एका दुकानदाराकडे हिशेबनीस व विक्रेता म्हणून राहिले. एके दिवशी मालकाने घरची कृष्णवर्णीय दासी विकली आणि तिचे खरेदीखत लिहायला सांगितले. घेणारा समोर वाट पाहत बसलेला, तोही पंथातलाच एक वयोवृद्ध गृहस्थ. सारे अचानक घडले. मालकाची आज्ञा आणि घेणाऱ्याचे वय यांचा विचार करून वूलमन यांनी ते खत लिहिले, पण मन इतके अस्वस्थ झाले की त्या दोघांच्या देखत त्यांनी सांगून टाकले, गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे अशी आपली समजूत आहे. त्यामुळे मनाचा भार थोडा हलका झाला, उतरला मात्र नाही. सरळ नकार दिला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटत राहिले. काही काळाने दुसऱ्या एका तरुण सभासदाने तसेच खत लिहायला सांगितले, तेव्हा त्यांनी सौम्यपणे नकार दिला. १७४३ साली पंथाने त्यांना उपदेशक म्हणून मान्यता दिली. त्या काळी क्वेकरांत उपदेशकाला वेतन नसे, तेव्हा पोटासाठी ते शिवणकाम शिकले.

मृत्युपत्रांच्या बाबतीत त्यांची खरी कसोटी लागली. अक्षर चांगले, हिशेब चोख, विश्वास मोठा. तेव्हा आसपासचे लोक मृत्युपत्र लिहिण्यासाठी त्यांनाच बोलावीत आणि त्यात प्राप्तीही बरी होती. परंतु त्या काळी गुलाम ही वारसाने द्यायची मालमत्ता होती. एकदा एक शेजारी जबर जखमी झाला. त्याने मृत्युपत्राचे मुद्दे सांगितले आणि आपली तरुण दासी कोणत्या मुलाला द्यायची तेही सांगितले. माणूस वेदनेत होता, वेळ कोणती येईल याचा नेम नव्हता. वूलमन यांनी घरी जाऊन दासीचा भाग तेवढा वगळून बाकी सर्व लिहिले, परत येऊन खाटेशेजारी बसून वाचून दाखवले आणि म्हणाले की माणसाला गुलाम ठरवणारे कलम माझ्या हातून लिहिले जाणार नाही. जे लिहिले त्याचा मोबदला मला नको, उरलेल्या भागाबद्दल मला मोकळे करावे. मग दोघांत शांतपणे पुष्कळ बोलणे झाले. अखेर शेजाऱ्याने तिला मुक्त करण्याचे कबूल केले आणि वूलमन यांनी मृत्युपत्र पुरे केले. त्यांची सारी पद्धत या एका प्रसंगात दिसते. समोरच्याला पापी ठरवून ते उठून गेले नाहीत, आणि ओशाळून कलम लिहूनही दिले नाही. नकाराची किंमत आधी स्वतः मोजली.

१७४९ साली सारा एलिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मेरी ही कन्या झाली. १७५४ साली जन्मलेला पुत्र मात्र तान्हेपणीच गेला. दरम्यान दुकान उत्तम चालले होते. शिवणकामाचे साहित्य, मग कापड, मग आणखी माल. उदीम वाढवण्याची दारे आपोआप उघडत होती आणि नेमके तेच त्यांना सलू लागले. गिऱ्हाइके ऐपतीबाहेरच्या वस्तू उधारीवर नेतात, मग कर्ज, मग कोर्टकचेरी, आणि शेवटी कष्ट पडतात ते गरिबाच्या अंगावर, हे ते रोज पाहत होते. म्हणून १७५६ च्या सुमारास त्यांनी गिऱ्हाइकांना आगाऊ सूचना दिली, म्हणजे त्यांना दुसरे दुकान शोधायला सवड मिळावी, आणि व्यापार हळूहळू आवरता घेतला. राहिले केवळ शिवणकाम आणि सफरचंदांच्या रोपांची बाग. व्यापारी घराण्यांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तोट्यातले दुकान बंद करणे समजते; चालते दुकान, ते चालते म्हणूनच बंद करणे, ही गोष्ट पचवायला जड आहे. परिग्रहाची मर्यादा ते स्वतःपुरती आखीत होते, आणि इतरांशी गुलामीविषयी बोलायला त्यामुळे त्यांना तोंड राहिले. त्यांच्या लेखनाचा गाभा हाच आहे की चैनीची हाव आणि गुलामी यांची मुळे एकच आहेत. गरज कमी केली तर दुसऱ्याच्या पाठीवरचे ओझे आपोआप कमी होते.

१७४६ साली ते मेरिलँड, व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना या दक्षिणेकडील प्रांतांत सुमारे दीड हजार मैल हिंडून आले. तेथे पाहिलेल्या गुलामीची सावली जणू साऱ्या भूमीवर पसरली आहे असे त्यांना दिसले. परत येऊन त्यांनी एक निबंध लिहिला. तो १७५४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा दुसरा भाग १७६२ साली निघाला. १७५७ साली ते पुन्हा दक्षिणेत गेले तेव्हा एक वेगळाच पेच उभा राहिला. क्वेकर प्रवाशाची सोय पंथबांधवांच्या घरी विनामूल्य होत असे. पण ज्या घरी अन्न रांधणारे, घोड्याला वैरण घालणारे हात गुलामांचे, त्या घरचा पाहुणचार फुकट घेणे म्हणजे त्या अन्यायातला हिस्सा घेणेच. आपल्या परिभाषेत कृत आणि कारित यांच्यापलीकडे अनुमोदनाचाही दोष लागतो, तोच हा विचार. वूलमन यांनी चांदीची लहान नाणी बरोबर घेतली. निघताना ते यजमानाला एकांतात भेटून ती नोकरांत वाटण्याची विनंती करीत, किंवा स्वतःच त्या माणसांच्या हाती देत. यजमान श्रीमंत, वयाने मोठे, आदरातिथ्यात कसर न ठेवणारे. त्यांना हा अपमान वाटेल ही धास्ती वूलमन यांना प्रत्येक वेळी असे. पण रागावलेले जवळजवळ कोणी नाही. थोडे बोलणे झाल्यावर बहुतेकांनी ती नाणी स्वीकारली.

वादही झाले. कोणी म्हणे की कृष्णवर्णीय लोक हे भावाचा खून करणाऱ्या केनचे वंशज आहेत, त्यांचा रंग हीच देवाने उमटवलेली खूण, तेव्हा दास्य त्यांच्या नशिबीच आहे. वूलमन यांनी बायबलच्याच आधारे उत्तर दिले की जलप्रलयातून केवळ नोहाचे कुटुंब वाचले, नोहा हा सेथच्या वंशातला, मग केनचा वंश उरला कोठे? शास्त्राचा आधार घेऊन अन्याय चालतो तेव्हा त्याच शास्त्राचे बारकाईने वाचन करणारा माणूस लागतो. ग्रंथ बाजूला ठेवा असे सांगणाऱ्याचे त्या लोकांनी ऐकले नसते.

यानंतर १७५८ साल उजाडले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा प्रश्न आला. क्वेकरांच्या सभेत मतदान होत नसे. बोलणे व मौन यांतून सर्वांचा कल एका बाजूला आला की लेखनिक तो निर्णय म्हणून लिहून घेत असे. अशा सभेत एखाद्या पक्षाला बहुमताच्या जोरावर हरवून चालत नाही. गुलाम बाळगणारा धनिकही तेथेच बसलेला असतो आणि त्याचेही मन वळावे लागते. यापूर्वी बेंजामिन ले या कुबड्या, बुटक्या पण निधड्या सत्पुरुषाने १७३८ साली बर्लिंग्टनच्या सभेत पोकळ केलेल्या ग्रंथात तांबड्या फळांचा रस भरून आणला होता आणि तलवारीने तो फोडून गुलाम-मालकांवर रक्तासारखा उडवला होता. पंथाने त्यांना बाहेर काढले. ले यांचे सत्य खोटे नव्हते. आणि त्यांनी जो धक्का दिला त्यावाचून वूलमन यांच्या सौम्यतेला कितपत कान मिळाले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्या सभेत वूलमन बराच वेळ मौनात होते. काहीजण विषय लांबणीवर टाकू पाहत होते, काळ सोडवील असे म्हणत होते. शेवटी ते उठले. दास्यात पडलेल्यांचा आक्रोश ईश्वराच्या कानी गेला आहे. काहींच्या खासगी लाभाकडे किंवा आपसांतील स्नेहाकडे पाहून आपण आपले कर्तव्य टाळले, तर त्याचे उत्तर आपल्याला भयंकर रूपात मिळेल, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. सभेचा कल पालटला. गुलामांना मुक्त करावे असे आवाहन झाले, गुलाम विकत घेणाऱ्या व विकणाऱ्या सभासदांना पंथाच्या कामकाजाच्या सभेत स्थान राहणार नाही असे ठरले, आणि मालकांच्या घरोघर जाऊन समजावण्यासाठी काही सभासद नेमले गेले. वूलमन त्यांपैकी एक होते. वार्धक्याने थकलेल्या ले यांच्या कानी ही बातमी गेली तेव्हा त्यांनी समाधानाने परमेश्वराचे आभार मानले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी ते वारले.

घरोघर जाण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. १७६० साली वूलमन गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर असलेल्या न्यूपोर्टला गेले. आणलेल्या गुलामांचा मोठा जथा तेथे एक क्वेकरच विकत आहे हे कळताच त्यांची भूक गेली. १७६३ साली, सीमेवर युद्ध पेटलेले असताना, ते सस्क्वेहाना नदीकाठच्या वायलुसिंग या मूळ रहिवाशांच्या गावी गेले. त्या लोकांचे जीवन समजून घ्यावे, जमल्यास त्यांच्याकडून काही शिकावे, असा त्यांचा हेतू होता.

या काळात त्यांचे स्वतःचे राहणे अधिकाधिक कठोर होत गेले. रंग मळ झाकतो आणि कापडही लवकर जिरवतो, म्हणून त्यांनी रंगवलेले कपडे सोडले. पण असलेले कपडे फाटेपर्यंत वापरले, कारण टाकणे हाही अपव्ययच. मग टोपीही बिनरंगी घेतली. दुर्दैवाने त्याच सुमारास पांढऱ्या टोपीची फॅशन आली आणि हा साधू नटवा झाला की काय अशी कुजबुज सुरू झाली. गुलामांच्या श्रमातून येणारी साखर त्यांनी वर्ज्य केली. १७६६ साली ते पुन्हा मेरिलँडकडे निघाले ते पायी. घोड्यावरून येणाऱ्या उपदेशकापेक्षा चालत येणारा माणूस राबणाऱ्यांच्या जवळचा दिसेल, असा त्यांचा विचार होता. हे सर्व काही वेळा अतिरेकी वाटते. त्यांच्या मित्रांनाही वाटे.

स्वतःच्या जुन्या व्यवहारांनाही त्यांनी सोडले नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी व दुसऱ्या व्यवस्थापकाने एका कृष्णवर्णीय मुलाची सेवा तो तीस वर्षांचा होईपर्यंतच्या मुदतीने विकली होती. गोऱ्या उमेदवार मुलाला एकविसाव्या वर्षी मोकळीक मिळे. म्हणजे त्याची नऊ वर्षे अधिक गेली होती. त्यातील आपला अर्धा वाटा, साडेचार वर्षे, स्वतःच्या पैशाने फेडण्याचे बंधपत्र वूलमन यांनी लिहून दिले. एक उणीव मात्र नोंदवावीशी वाटते. त्यांच्या रोजनिशीत मालकांच्या मनाची घालमेल पानोपानी आहे. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्या माणसांची नावे, त्यांचे बोलणे फारसे येत नाही. मुक्तीनंतरही कित्येक क्वेकर सभागृहांत त्यांच्यासाठी वेगळे बाक राहिले.

१ मे १७७२ रोजी ते इंग्लंडला निघाले. कॅबिनवर नक्षीकाम होते. त्या थाटाचे पैसे भरणे मनाला पटेना, म्हणून खलाशांच्या कोंदट तळात राहिले. तेथे भिजून कुडकुडणाऱ्या पोरवयाच्या खलाशांची दशा त्यांनी पाहिली, आणि समुद्रावर मलूल झालेल्या कोंबड्यांकडेही त्यांचे लक्ष गेले. ८ जूनला लंडनला उतरून ते तडक पंथाच्या सभेत गेले. पांढुरक्या, बिनरंगी वेशातला हा माणूस पाहून प्रतिष्ठित मंडळी बिचकली. एकाने सुचवले की येण्याने आपले कर्तव्य झाले, आता परत जावे. वूलमन यांच्या डोळ्यांत पाणी आले. कोणावर भार होणार नाही, शिवणकाम येते, काम मिळाले तर पोट भरीन, असे सांगून ते मौनात बसले. पुष्कळ वेळाने उठून बोलले, तेव्हा त्याच गृहस्थाने आपली सूचना मागे घेतली, असे सांगितले जाते. त्या वर्षीच्या लंडन सभेच्या पत्रात गुलामीचा निषेध आला.

मग ते उत्तरेकडे चालत निघाले. टपालगाड्या चोवीस तासांत शंभर मैल पळतात, त्यापायी घोडे मरतात, आंधळे होतात, हिवाळ्यात पोरवयाचे गाडीवान गारठून मरतात, असे कळल्यावर त्यांनी त्या गाडीत बसणे तर सोडाच, तिने पत्र पाठवणेही नाकारले. गव्हाचा, राईचा भाव काय, मजुराला दिवसाचे किती पेन्स मिळतात, हे ते गावोगाव विचारून टिपून ठेवीत. सप्टेंबरात यॉर्कला पोहोचले आणि तेथे देवी आल्या. ७ ऑक्टोबर १७७२ रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले; वयाला बावन्न वर्षे पुरी व्हायची होती. पेटी साध्या अ‍ॅश लाकडाची असावी, आणि तिचा व खड्डा खणण्याचा खर्च आपले अंगावरचे कपडे देऊन भागवावा, अशी व्यवस्था त्यांनी सांगून ठेवली होती.

दोन वर्षांनी त्यांची रोजनिशी छापली गेली. १७७६ साली, ज्या फिलाडेल्फियात सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा निघाला, त्याच शहरी क्वेकरांच्या वार्षिक सभेने गुलाम मुक्त न करणाऱ्या सभासदाला पंथातून वगळावे असा निर्णय केला. तो जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन गुलामांचे मालक होते आणि अखेरपर्यंत राहिले. १७८० साली पेनसिल्व्हेनियाने क्रमशः मुक्तीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये १७८७ साली गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी जी समिती स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. १८०७ साली तो व्यापार कायद्याने थांबला. आणि डेलावेअरमधील वॉर्नर मिफ्लिन यांच्यासारख्या काही क्वेकरांनी आपले गुलाम नुसते मुक्त केले नाहीत, तर त्यांनी आजवर केलेल्या श्रमांचा हिशेब करून त्याची मजुरी त्यांच्या हाती मोजून दिली.